मैलभर नाण्यांचे कलामंदिर

गावातील देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असो, वाचनालयासाठी खोली बांधावयाची असो, की शाळेवर नवे छप्पर घालावयाचे असो, वर्गणीची वही घरोघर फिरते. कोणी शंभर रुपये देतो, कोणी पाच देतो आणि ज्याच्यापाशी पैसा नसतो तो चार दिवस अंगमेहनत करून आपला वाटा उचलतो. काम पुरे झाले, म्हणजे ‘हे आपले आहे’ असे साऱ्या गावाला वाटते. अशाच लहान लहान वर्गण्यांच्या आधारे अमेरिकेतील शिकागो शहरात एक कलामंदिर उभे राहिले. वर्गणी देणारे बहुतेक लोक कष्टकरी होते. आपल्या वस्तीतील चित्रकारांची चित्रे लावण्यासाठी त्यांना चार भिंती हव्या होत्या. चित्रे लावण्यासाठी एवढा खटाटोप का करावा लागला, आणि त्या भिंतींनी त्या लोकांना काय दिले, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेत शेकडो वर्षे गुलामगिरीची चाल होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या स्त्रीपुरुषांना गुरांप्रमाणे विकले जाई आणि त्यांच्या मुलाबाळांवरही मालकाचाच हक्क चाले. मोठ्या यादवी युद्धानंतर १८६५ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ही चाल कायद्याने बंद झाली. या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला.

परंतु कायद्याने बेडी तुटली, तरी माणसामाणसांतील भिंत तुटली नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मालकाच्या शेतात अर्धेलीने राबावे लागे. त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे आणि मतदानाचा हक्क केवळ कागदावर. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तरेकडील कारखान्यांना कामगारांची गरज भासू लागली, तेव्हा हजारो कुटुंबे बोचकी बांधून उत्तरेकडे निघाली. त्यांपैकी अनेकांनी शिकागोची वाट धरली. १९१० साली या शहरात सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९४० साली ती संख्या सुमारे २ लाख ७७ हजार झाली.

शहरात काम मिळाले, पण हवे तेथे घर मिळेना. अनेक भागांतील गौरवर्णीय घरमालकांनी आपसांत लेखी करार केले होते, की आपली घरे कृष्णवर्णीयांना विकावयाची नाहीत आणि भाड्यानेही द्यावयाची नाहीत. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोपर्यंत शहराच्या दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यात या लोकांना दाटीवाटीने राहावे लागले. या वस्तीला ‘ब्राँझव्हिल’ हे नाव पडले. तेथे गरिबी होती, तशीच उमेदही होती. तेथे वर्तमानपत्रे निघत, चर्चमध्ये भजने घुमत, रात्री संगीताचे जलसे रंगत. आणि तेथे चित्रे काढणारी तरुण मुलेही होती.

मिशिगन ॲव्हेन्यू हा शिकागोचा प्रसिद्ध राजरस्ता होय. या रस्त्यावर शहराच्या मध्यभागी आर्ट इन्स्टिट्यूट ही भव्य कलासंस्था आहे. तिच्या वास्तूशी आपलेही नाते आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये सर्वधर्मपरिषद याच वास्तूत भरली होती आणि स्वामी विवेकानंदांनी तेथेच जगाला बंधुभावाचा संदेश दिला होता. पुढे तेथे चित्रशाळा आणि कलासंग्रह नांदू लागले. तेथील शाळेत काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असे. १९२७ साली त्याच संस्थेत कृष्णवर्णीयांच्या कलेचे एक प्रदर्शनही भरले होते. परंतु ते थोड्याच दिवसांपुरते. एरवी शहरातील चित्रदालनांची दारे या कलावंतांना क्वचितच उघडी असत. चित्र काढावे, आणि ते खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यावे, अशी त्यांची स्थिती होती.

अशा वेळी जॉर्ज नील नावाच्या एका तरुण चित्रकाराने वस्तीतील मुलांना गोळा केले. १९३२ साली त्यांनी एक लहानसे कलामंडळ स्थापन केले. शिकण्याची इच्छा सर्वांना होती; पण शुल्क भरण्याची ऐपत थोड्यांनाच होती. तेव्हा त्या मुलांनी एक युक्ती काढली. मेजवानीचे लहानसे समारंभ करून ते पैसे जमवीत आणि त्या पैशांतून आपल्यातील एकाला आर्ट इन्स्टिट्यूटच्या वर्गास पाठवीत. तो जे शिकून येई, ते परत येऊन बाकीच्यांना शिकवी. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तशी ही विद्या हातोहात पसरली. नील त्यांना सांगत असे, की चित्रांचे विषय दूर शोधू नका. आपल्या गल्लीतील घरे, माणसे आणि रस्ते नीट पाहा. १९३८ साली नील अकाली मरण पावला, परंतु त्याची शिकवण त्याच्या विद्यार्थ्यांनी सोडली नाही.

या विद्यार्थ्यांत चार्ल्स व्हाइट हा एक होता. त्याचा जन्म १९१८ साली शिकागोतच झाला. त्याची आई लोकांच्या घरी मोलमजुरी करी. कामावर जाताना ती लहानग्या चार्ल्सला सार्वजनिक ग्रंथालयात बसवून जाई. आईची वाट पाहता पाहता तो पुस्तके वाचू लागला. सात वर्षांचा असताना आईने त्याला रंगांची पेटी आणून दिली. घराजवळच्या बागेत कलाशाळेचे विद्यार्थी चित्रे काढीत असत. रंग कसे मिसळावेत हे तो त्यांच्याकडे पाहून शिकला.

ग्रंथालयात वाचलेल्या पुस्तकांतून त्याला आपल्या पूर्वजांची ओळख झाली. १७७० साली बॉस्टन शहरात इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात जे पहिले बळी पडले, त्यांत क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकन वंशाचा माणूस होता. गुलामगिरीविरुद्ध बंड करणारे वीरही त्याने पुस्तकांत पाहिले. मग त्याच्या मनात सरळ प्रश्न आला, ‘यांची नावे आमच्या शाळेच्या इतिहासात का नाहीत?’ त्याने तो प्रश्न वर्गात विचारला. परंतु त्याचे समाधान करील असे उत्तर त्याला मिळाले नाही. पुढे त्याला दोन कलाशाळांच्या शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. पण हा मुलगा कृष्णवर्णीय आहे असे कळताच त्या परत घेण्यात आल्या. अखेरीस १९३७ साली आर्ट इन्स्टिट्यूटच्या शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. इतिहासाच्या पुस्तकात जी माणसे त्याला सापडली नव्हती, ती त्याने आपल्या चित्रांत आणावयाचे ठरविले.

१९२९ नंतर अमेरिकेवर मोठी आर्थिक मंदी कोसळली. लक्षावधी लोक बेकार झाले. त्यांत चित्रकार आणि शिल्पकारही होते. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देण्यासाठी ज्या योजना आखल्या, त्यांत कलावंतांसाठीही एक योजना १९३५ साली सुरू झाली. तिच्यातून देशात शंभराहून अधिक लोककलाकेंद्रे उघडली. या केंद्रांची रीत अशी होती, की शिक्षकांचे आणि कलावंतांचे वेतन सरकार देई, पण जागा व इतर खर्च यांचा भार गावकऱ्यांनी उचलावा. शिकागोच्या दक्षिण भागातील लोकांपुढे आता प्रश्न उभा राहिला : जागा आणावयाची कोठून?

वस्तीतील शिक्षक, व्यापारी, महिलामंडळे आणि चित्रकार एकत्र आले. त्यांनी नृत्यसमारंभ केले, व्याख्याने ठेवली आणि ‘मैलभर नाणी’ नावाची एक मोहीम काढली. अमेरिकेत ‘डाइम’ नावाचे दहा सेंटांचे नाणे असते. म्हणजे डॉलरचा दहावा भाग. अशी नाणी एकास एक लावून मैलभर रांग होईल एवढी जमवावीत, अशी ही कल्पना. तुम्ही गणित करून पाहा. हे नाणे सुमारे अठरा मिलिमीटर रुंद असते आणि मैलात सुमारे १,६०९ मीटर असतात. म्हणजे रांगेला जवळजवळ नव्वद हजार नाणी लागतील आणि त्यांची किंमत होईल सुमारे नऊ हजार डॉलर. श्रीमंताने एका सहीने द्यावी अशी ही रक्कम. पण येथे ती हजारो हातांतून यावयाची होती.

या मोहिमेत विशीतील एक चित्रकर्ती डबा हातात घेऊन ३९ व्या रस्त्याच्या नाक्यावर उभी राहत असे. तिचे नाव पुढे मार्गारेट बरोज म्हणून प्रसिद्ध झाले. कामावरून परतणारे मजूर, धुणीभांडी करून घरी जाणाऱ्या बाया, शाळकरी मुले यांच्यापुढे ती डबा धरी. त्या काळी दहा सेंटांत पाव विकत मिळे. ज्याच्या घरी पावाची भ्रांत, त्याने चित्रांसाठी नाणे का द्यावे? परंतु लोकांनी दिले. आपल्याही घराला एक दिवाणखाना असावा, तेथे आपल्या माणसांची चित्रे असावीत, असे त्यांना मनातून वाटत असले पाहिजे.

मिशिगन ॲव्हेन्यूवरच, आर्ट इन्स्टिट्यूटपासून सुमारे चार मैल दक्षिणेला, ३८३१ क्रमांकाचे एक जुने तिमजली घर होते. १८९२-९३ च्या सुमारास ते एका धान्यव्यापाऱ्यासाठी बांधले गेले होते. ते घर कलाकेंद्रासाठी घेण्यात आले. बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेच्या परंपरेतील दोन रचनाकारांनी त्याच्या अंतर्भागाला नवे रूप दिले आणि तळमजल्यावरील दालनाच्या भिंती लाकडी फळ्यांनी मढविल्या. डिसेंबर १९४० मध्ये ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ या नावाने ते खुले झाले. स्थानिक कृष्णवर्णीय कलावंतांच्या प्रदर्शनाने त्याचा आरंभ झाला. आर्चिबाल्ड मॉटली, चार्ल्स व्हाइट, एल्झियर कॉर्टर, मार्गारेट बरोज अशा कलावंतांची चित्रे त्या फळ्यांवर लागली.

७ मे १९४१ रोजी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते या वास्तूचे रीतसर समर्पण झाले. त्यांचीच निवड होण्यात औचित्य होते. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टन शहरात थोर गायिका मेरियन अँडरसन यांना त्यांच्या वर्णामुळे एका सभागृहात गाऊ देण्यात आले नाही. ते सभागृह ज्या संस्थेचे होते, तिच्या सभासदत्वाचा एलिनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला. पुढे ९ एप्रिल १९३९ रोजी अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गायिल्या आणि सुमारे ७५ हजार लोकांनी ते गायन उघड्या आकाशाखाली ऐकले.

या कलावंतांच्या चित्रांत लोकांना काय दिसत असे? मॉटली यांचे १९२४ सालचे एक गाजलेले चित्र पाहू. त्यात त्यांची वृद्ध आजी मेजाशी बसून मोजे शिवीत आहे. अंगावर शाल, नाकावर चष्मा, शेजारी फळांनी भरलेले पात्र. तिच्या मागे भिंतीवर एका तसबिरीचा थोडासा भाग दिसतो. ती तसबीर आहे एके काळी या आजीची मालकीण असलेल्या स्त्रीची. कारण आजीचे पूर्वायुष्य गुलामगिरीत गेले होते. चित्रकाराने मालकिणीला चौकटीच्या कडेला ढकलले आहे आणि आजीला मध्यभागी बसविले आहे. त्याने तिच्या हाती शस्त्र दिले नाही, की मुखी भाषण घातले नाही. सुई आणि दोरा यांतूनच तिचे मोठेपण प्रकट झाले आहे.

दुसरे उदाहरण चार्ल्स व्हाइटचे. कलाकेंद्रासाठी निधी जमविण्याच्या काळातच, १९३९-४० साली, त्याने सुमारे पाच फूट उंच आणि तेरा फूट लांब असे एक भव्य चित्र रंगविले. त्यात पाच थोर कृष्णवर्णीय व्यक्ती आहेत : दास्याविरुद्ध लढणाऱ्या सोजर्नर ट्रूथ, वक्ते फ्रेडरिक डग्लस, शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन, गायिका मेरियन अँडरसन आणि कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. यांतील कार्व्हर तुमच्या परिचयाचे असतील. वीणा गवाणकर यांनी १९८१ साली लिहिलेल्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रामुळे ते मराठी घरांत पोचले आहेत. विशेष म्हणजे ही पाच नावे चित्रकाराने एकट्याने ठरविली नाहीत. ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पसंतीवरून ती निवडली गेली. पाठ्यपुस्तकाने जी माणसे वगळली, ती लोकांनी निवडली आणि वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाने ती रंगविली.

हे कलाकेंद्र केवळ चित्रे पाहण्याचे ठिकाण नव्हते. ती एक शाळाही होती. तेथे मुलांना आणि प्रौढांना चित्रकला, शिल्पकला, छापकाम शिकविले जाई. गॉर्डन पार्क्स नावाच्या तरुणाला तेथील तळघरात छायाचित्रे धुण्यासाठी अंधारखोली मिळाली. त्याने वस्तीतील लोकांची छायाचित्रे काढली आणि तेथेच ती मांडली. त्या कामाच्या बळावर त्याला मोठी शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे तो जगप्रसिद्ध छायाचित्रकार झाला. याच वास्तूत १९४१ साली कवितेचा एक वर्ग चालू झाला. त्यात ग्वेंडोलिन ब्रुक्स ही तरुण कवयित्री येत असे. १९५० साली तिला अमेरिकेतील मानाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय व्यक्ती होय.

महायुद्ध पेटल्यावर १९४३ साली सरकारची योजना बंद झाली. वेतन थांबले. देशातील बहुतेक कलाकेंद्रे एकामागून एक मिटली. शिकागोतील हे केंद्र मात्र टिकले. ते कसे टिकले? ज्यांनी नाणी दिली होती, त्यांनी ते मोडू दिले नाही. शिक्षिका, समाजसेविका आणि कलावंत यांनी वर्षानुवर्षे विनावेतन काम केले. चित्रांचे लिलाव करून इंधनाचा व दुरुस्तीचा खर्च भागविला. सरकारने दिलेली वस्तू सरकार गेल्यावर जाते. पण स्वतः मिळविलेली वस्तू माणूस सहजासहजी हातची जाऊ देत नाही. १९९४ साली शिकागो शहराने या घराला जतन करावयाच्या वास्तूंत स्थान दिले आणि २०१८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याची नोंद झाली.

त्या दालनातील लाकडी फळ्यांवर खिळ्यांची असंख्य भोके आहेत. एक प्रदर्शन संपले की खिळे काढावयाचे, दुसरे आले की नवे ठोकावयाचे, असे दशकानुदशके चालले. परक्याला ती भिंत खराब झालेली वाटेल. पण त्यातील प्रत्येक भोक म्हणजे तेथे कधी काळी लागलेल्या एका चित्राची खूण आहे. कोणाचे तरी पहिले चित्र तेथे लागले असेल आणि ते पाहण्यासाठी त्याची आई ठेवणीतले लुगडे नेसावे तशी नटून आली असेल.

डबा घेऊन उभी राहणारी मार्गारेट बरोज पुढे शाळेत कलाशिक्षिका झाली. १९६१ साली तिने आणि तिच्या पतीने त्याच रस्त्यावरील आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. पुढे त्याला ‘द्यु साब्ल’ हे नाव देण्यात आले. हा द्यु साब्ल कोण? अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकागो नदीच्या मुखाशी घर बांधून राहिलेला तो कृष्णवर्णीय व्यापारी होता. मूळच्या आदिवासींनंतर तेथे कायमची वस्ती करणारा तो पहिला मनुष्य म्हणून आज शिकागोचा संस्थापक मानला जातो. ज्या शहरात घर भाड्याने मिळू नये म्हणून करार होत, त्या शहराचा पायाच एका कृष्णवर्णीयाने घातला होता! २०२१ साली तेथील सरोवराकाठच्या प्रसिद्ध मार्गाला त्याचे नाव देण्यात आले.

चार्ल्स व्हाइटने पुढे लॉस एंजेलिस शहरात अनेक वर्षे कलाशिक्षण दिले. १९७९ साली तो वारला. २०१८ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरले. ते कोठे भरले असेल? शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. मोलकरणीच्या मुलाची चित्रे चार मैलांचे अंतर तोडून शहराच्या मध्यभागी, सन्मानाने पोचली. पण ती तेथे पोचण्यास पाऊणशे वर्षे लागली; आणि त्यापूर्वी कोणीतरी नाक्यावर उभे राहून त्यांच्यासाठी दहा दहा सेंट गोळा केले होते, हे विसरून चालणार नाही.

पोटाला अन्न लागते, तसा मनाला मान लागतो. ज्या समाजाला आपला चेहरा पुस्तकात, भिंतीवर, चौकात कोठेच दिसत नाही, त्याला आपण जगात आहोत की नाही, अशी शंका येऊ लागते. चित्रप्रदर्शन ही शंका दूर करते. ते म्हणते, ‘तुझी आजी चित्रात बसण्यास योग्य आहे. तुझी गल्ली पाहण्यास योग्य आहे.’ तुमच्या शाळेत चित्रांचे प्रदर्शन भरेल, तेव्हा मोठमोठे देखावे जरूर काढा. पण गोधडीला टाके घालणारी आपली आजीही एकदा नीट पाहा, आणि तिच्यासाठी भिंतीवर एक खिळा मोकळा ठेवा.